खासदाराचा संसदेतला हिशेब तपासताना या चुका टाळा

आमच्या विदर्भात खासदाराचं मोजमाप बहुतेक तीन गोष्टींवर होतं. लग्नाला आले का, तेरवीला आले का, आणि गावात हायमास्ट लागला का. ते दिल्लीत काय बोलले, कशाला होकार दिला, हे विचारणारे अलीकडे वाढलेत आणि ते चांगलंच आहे. पण संसदेच्या नोंदी वाचायची सवय नसली की कुणीतरी एक आकडा उचलतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि पारावर वाद पेटतो. "बाप्पा, येवढे प्रश्न इचारले! मंग कापसाले भाव काऊन नाई?" असं एखादा म्हातारा विचारतो तेव्हा सगळे हसतात. खरं तर सगळ्यात नेमका प्रश्न त्याचाच असतो.

आपला खासदार कोण, इथूनच घोळ

जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ एक नाही, हे विदर्भात फार जणांच्या लक्षात येत नाही. वणी आणि आर्णी यवतमाळ जिल्ह्यात, पण मतदान चंद्रपूर लोकसभेसाठी. उमरखेडवाल्यांचा खासदार हिंगोलीचा. मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात असून रावेरला जोडलेलं. मोर्शी आणि धामणगाव रेल्वे अमरावती जिल्ह्यात, पण खासदार वर्ध्याचा. वाशीम जिल्ह्यातलं रिसोड अकोला लोकसभेत, गोंदियातलं आमगाव गडचिरोली-चिमूरमध्ये. वणीचा माणूस यवतमाळ-वाशीमच्या खासदाराची नोंद उघडून "आमच्या कोळशाच्या खाणींवर एक अक्षर नाही" म्हणून चिडतो, तेव्हा तो दुसऱ्याच खासदाराला शिव्या घालत असतो.

वर्ष बघायलाही विसरू नका. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर यांचं मे २०२३ मध्ये निधन झालं आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत ती जागा रिकामीच राहिली. त्या काळात चंद्रपूरच्या नावानं काही सापडत नाही, कारण विचारायला कुणी नव्हतंच. संसद डॉट इन या संकेतस्थळावर शोधताना आधी कितवी लोकसभा ते निवडायचं आणि मग नाव. नाव टाइप करण्यापेक्षा सदस्यांच्या यादीतून उचललेलं बरं. इंग्रजीत एकाच आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं असतात, आणि "काहीच सापडलं नाही" या तक्रारीमागं बऱ्याचदा एवढंच कारण निघतं.

जिथं मतदानच झालं नाही, तिथं मत शोधणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथं थोडं थांबू.

"कापसावरचं आयात शुल्क काढलं तेव्हा आपल्या खासदारानं कुठं मत दिलं?" हा प्रश्न रास्त वाटतो. पण ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झालं ते केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. सभागृहात त्यावर मत घेतलंच गेलं नाही. पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टला संपलं, म्हणजे बोलायला जेमतेम तीन दिवस होते. तेव्हा इथं तपासायचं ते हे: त्या तीन दिवसांत शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडायच्या वेळेत) कुणी उठलं का, आणि डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात वस्त्रोद्योग किंवा कृषी मंत्रालयाला प्रश्न गेला का.

हमीभावाचंही तसंच. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८११० आणि मध्यम धाग्याला ७७१० रुपये क्विंटल ठरले. कृषी मूल्य आयोगानं शिफारस केली, मंत्रिमंडळाच्या समितीनं मान्य केली, झालं. "हमीभावाच्या बाजूनं मतदान केलं" असा फलक कुणी लावला तर त्याला फक्त तारीख विचारा.

बरं, जिथं सभागृहात निर्णय होतो तिथंही नावं मिळतील असं नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाकांवरून आवाज येतो, "हां की जीत हुई" असं जाहीर होतं आणि पुढचा विषय सुरू होतो. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, कोण बाहेर चहा पीत होतं, याची नोंद कुठंच नसते. २०२० चे कृषी कायदे दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानानं झाले. राज्यसभेत मतविभागणी, म्हणजे मतांची मोजणी, मागितली होती, ती मिळाली नाही आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे मागे घेतले, तेही आवाजी मतदानानं आणि चर्चेविना. त्यामुळे "आमच्या खासदारानं कृषी कायद्यांना पाठिंबा दिला" किंवा "विरोध केला" हे मतांच्या नोंदीवरून सिद्ध करता येत नाही. त्या दिवशीचं भाषण असेल तर तेवढाच पुरावा.

नावानिशी मत मिळतं ते मतविभागणी झाली तरच. एखाद्या सदस्यानं ती मागावी लागते. मग घंटा वाजते, दारं बंद होतात, सदस्य बटण दाबतात. घटनादुरुस्तीला मात्र ती लागतेच, कारण तिथं विशेष बहुमत मोजून दाखवावं लागतं. महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत २० सप्टेंबर २०२३ ला ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं, वक्फ दुरुस्ती विधेयक एप्रिल २०२५ मध्ये २८८ विरुद्ध २३२ नं. अशा दिवसांची नावं त्या दिवशीच्या कामकाजाच्या वृत्तांतात छापलेली असतात. खासदाराच्या स्वतःच्या पानावर ती शोधत बसू नका. पीआरएस या संसदेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या खासदारांच्या नोंदीतही हजेरी, चर्चा, प्रश्न आणि खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेली) दिसतात, मतं दिसत नाहीत.

नाव यादीत नाही म्हणजे गैरहजर?

थांबा. मतविभागणीनंतर सभागृहातल्या बोर्डावर येणारा आकडा दुरुस्तीच्या अधीन असतो. कुणाचं यंत्र चाललं नाही, कुणी चुकीचं बटण दाबलं, तर ते चिठ्ठीवर मत देतात. ही नावं वृत्तांतात तळटिपेत येतात. टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून "आपले साहेब गायब" अशी पोस्ट टाकण्याआधी ती तळटीप वाचा.

तिथंही नाव नसेल तर त्यांनी मत नोंदवलं नाही, एवढंच म्हणता येतं. सकाळी हजेरी आहे आणि रात्रीच्या मतविभागणीत नाव नाही, हे दोन्ही एकाच दिवशी खरं असू शकतं. तटस्थ राहणं हे तिसरंच, त्याची नोंद वेगळी होते.

आणि मत सापडलं तरी ते खासदाराचं मन आहे असं समजू नका. १९८५ पासून घटनेत पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आहे. पक्षादेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे बटणावर बोट खासदाराचं असलं तरी निर्णय पक्षाचा असतो. माझं मत विचाराल तर आपल्यासारख्या भागातल्या माणसानं मतांच्या यादीवर फार वेळ घालवू नये. खासदाराची स्वतःची मेहनत दिसते ती प्रश्नांत, शून्य प्रहरात आणि नियम ३७७ खाली (एरवी कुठल्या नियमात न बसणारे) मांडलेल्या विषयांत.

प्रश्नांचा आकडा मोजून थांबणं

लोकसभेत रोज २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. कुणाचे लागणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. एका दिवसासाठी एका सदस्याला पाच प्रश्नांच्या नोटिसा देता येतात. म्हणजे आकड्यात नशीब आहे, कार्यालयातल्या लिहिणाऱ्या माणसाची चिकाटी आहे, आणि एकाच अतारांकित प्रश्नावर पाच-सहा खासदारांची नावं असली तर तो प्रत्येकाच्या खात्यात जमा होतो. पारावर लढवायला हा आकडा बरा, पण त्यावरून कुणी काम केलं हे कळत नाही.

प्रश्न उघडून वाचा. कागद साधारण असा असतो: (क) विदर्भातील कापूस उत्पादकांना हमीभावापेक्षा कमी दर मिळत असल्याचं सरकारला माहीत आहे काय, (ख) "यदि हां, तो तत्संबंधी ब्यौरा क्या है", जिल्हावार, (ग) सरकारनं काय केलं. खाली उत्तर: (क) ते (ग), विवरण सभापटलावर ठेवलं आहे. मग पान उलटायचं. विवरणात पहिली दोन पानं योजनांची ओळख, ती सोडून द्या. शेवटी तक्ता असतो. मागितला होता जिल्हावार, दिलेला असतो राज्यवार. अमरावती, यवतमाळ कुठंच नाही, सगळं एका "महाराष्ट्र" ओळीत. खासदाराची कसोटी लागते ती इथं. पुढच्या अधिवेशनात त्यानं तोच तक्ता जिल्हावार पुन्हा मागितला का? मागितला असेल तर तो माणूस उत्तरं वाचतो. नसेल तर तीनशे प्रश्नांचं कौतुक तुम्हीच ठरवा.

तारांकितवर नाव आलं म्हणजे ते सभागृहात बोलले, असंही नाही. तासाभरात यादीतले थोडेच प्रश्न तोंडी होतात, बाकीच्यांची लेखी उत्तरं ठेवली जातात. गोंधळात तो तास बुडाला तर सगळेच लेखी. आपला प्रश्न तोंडी झाला का, पूरक प्रश्न काय विचारला, की नाव पुकारलं तेव्हा खासदार जागेवरच नव्हते, हे त्या दिवशीच्या वृत्तांतात दिसतं.

जळालेल्या डीपीवर (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर) प्रश्न का नाही, ही तक्रार खासदाराकडे नेऊ नका. महावितरण राज्याची, ती आमदाराला विचारा. कापूस खरेदी करणारं सीसीआय, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणींची भूसंपादनं, रेल्वे, पीक विम्याचे केंद्राचे नियम, वाघाच्या हल्ल्यांबाबतचं वन्यजीव धोरण, इथं खासदाराला धरा. खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी आणि त्यातून झालेले सभामंडप हा वेगळा हिशेब आहे. तो संसदेच्या कामात मिसळला की दोन्ही नीट कळत नाहीत.

शून्य दिसलं की आळशी

मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यांना उत्तरं द्यायची असतात. हजेरी लावायचंही बंधन त्यांना नाही. नागपूरचे नितीन गडकरी २०१४ पासून मंत्री आहेत, बुलढाण्याचे प्रतापराव जाधव जून २०२४ मध्ये राज्यमंत्री झाले. त्यांच्या रकान्यातलं शून्य शेजारच्या खासदाराच्या आकड्याशी लावून दाखवणारे फलक निव्वळ खोडसाळ असतात. जाधवांची २०२४ आधीची नोंद मात्र खासदार म्हणून तपासता येते, ती तपासा. निलंबनामुळेही आकडा घसरतो. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले होते आणि त्यांचे प्रश्नही यादीतून काढले गेले.

हजेरीबद्दल एवढंच पुरे: ती त्या दिवशी आल्याची खूण आहे, किती वेळ बसले याची नाही.

क्लिप खरी, वृत्तांत खोटा?

"साहेबांनी लोकसभेत गरजून सांगितलं" अशी क्लिप येते आणि वृत्तांतात ते वाक्य नसतं. याची कारणं साधी असतात. अध्यक्षांनी ते कामकाजातून काढलेलं असू शकतं. क्लिप दुसऱ्याच वर्षाची असू शकते. किंवा माइक बंद झाल्यावर बोललेलं असतं, ते नोंदीत येत नाही. याच्या उलटही होतं. वृत्तांतात दोन पानी भाषण असतं आणि व्हिडिओ कुठंच नाही, कारण ते बोललेलं नसून लिहून पटलावर ठेवलेलं असतं. नियम ३७७ चे विषय बऱ्याचदा असेच ठेवले जातात. ते कमी दर्जाचं काम आहे असं नाही, पण "गरजले" म्हणू नये.

खासदार मराठीत बोलले असतील तर वृत्तांतात भाषांतर येतं, त्यामुळे मराठी शब्द टाकून शोधाल तर हाती काही लागणार नाही. "कपास", "सोयाबीन", "यवतमाल" असे हिंदी किंवा इंग्रजी शब्द वापरा. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, तिथं तारीख धरून पानं चाळावी लागतात.

स्वतंत्र विदर्भाचं "विधेयक मांडलं" अशी बातमी दर थोड्या वर्षांनी येते. घटनेच्या कलम ३ प्रमाणे नव्या राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय सादरच होत नाही. तेव्हा विधेयक खरंच सादर झालं, नुसती नोटीस दिली, की अशासकीय ठराव होता, हे पाहा. खासगी विधेयकं तशीही आजवर १४ च मंजूर झाली आहेत, शेवटचं १९७० मध्ये.

उत्तरातलं आश्वासन सुटतं

मंत्री "माहिती गोळा करून सभागृहापुढे ठेवू" किंवा "विचाराधीन आहे" असं म्हणाले की बरेच जण पान मिटतात. पण अशी वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जाऊ शकतात आणि ती तीन महिन्यांत पुरी करणं अपेक्षित असतं. रखडलेल्यांचा पाठपुरावा शासकीय आश्वासन समिती करते आणि तिचे अहवाल संकेतस्थळावर मिळतात. स्थायी समित्यांचे अहवालही तिथंच असतात. त्यांच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं आणि हजर सदस्यांची नावं असतात. बंद दारामागं आपला खासदार बसला होता का, हे कळायची तीच जागा. तेव्हा प्रश्नाचा क्रमांक, तारीख आणि मंत्रालय वहीत टिपून ठेवा. तीन महिने झाले की खासदाराच्या जनसंपर्क कार्यालयात जाऊन तोच क्रमांक सांगा आणि विचारा, "साहेबांना याचं उत्तर आलं का?"