घटपर्णीच्या फुलावर अनपेक्षित रंगरेषा दिसल्यास काय करावे

सारासेनिया या उत्तर अमेरिकेतील घटपर्णीच्या पिवळ्या पाकळीवर एखाद्या वसंतात अचानक लाल रेघ दिसते, किंवा लाल पाकळीवर फिकट पट्टा उतरलेला असतो. अशा वेळी रोप दुर्मिळ म्हणून त्याला नवे नाव देणे किंवा रोगट समजून ते उपटून टाकणे, ही दोन्ही टोके टाळावीत. रेघ कोठून सुरू होते आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा येते का, हे पाहिल्याशिवाय काहीही ठरवू नये.

प्रथम आपले रोप कोणत्या जातीचे आहे, याची खात्री करावी. सारासेनिया फ्लावा, मायनर आणि ओरिओफिला यांची फुले पिवळी असतात. ल्युकोफिला, रुब्रा आणि सिटासिना यांची लाल. या वंशातील जातींचा एकमेकींशी सहज संकर होतो आणि ती संकरित रोपे बहुधा बीही धरतात. लाल आणि पिवळ्या फुलांच्या संकरातून पीच, नारिंगी, गुलाबी अशा छटा येतात, आणि पाकळीच्या आतल्या व बाहेरच्या बाजूचा रंग वेगळा असणे किंवा शिरा गडद दिसणे हेही अशा रोपांत स्वाभाविक असते. सर्व पाकळ्यांवर सारखाच दिसणारा रंगभेद बहुधा या संकराचाच असतो आणि त्याला विकृती म्हणता येत नाही.

निरीक्षण फूल उमलल्यापासून पहिल्या काही दिवसांतच करावे. फूल खाली मान घालून असते, त्याच्या आत उलट्या छत्रीसारखा पसरट कुक्षीवृंत असतो आणि पाचही पाकळ्या त्या छत्रीच्या खाचांमधून खाली लोंबतात. पाकळ्या साधारण दोन आठवड्यांत गळतात. छत्री आणि निदले (पाकळ्यांबाहेरची दले) मात्र पुढे बराच काळ टिकतात, त्यामुळे उशीर केला तर पाहायची गोष्टच हातातून जाते. पाकळी हलकेच उचलून दोन्ही बाजू भिंगातून पाहाव्यात. पाकळी जेथे छत्रीच्या कडेवरून वळते तेथे घासल्यामुळे तपकिरी ओरखडा पडू शकतो, आणि तो रंगबदल नव्हे. रेघ चंदेरी असेल आणि तिच्या आसपास बारीक काळे ठिपके असतील, तर तो फुलकिड्यांचा उपद्रव समजावा. फूल पांढऱ्या कागदावर झटकले की हे लांबट, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे किडे कागदावर सरपटताना दिसतात.

विषाणूची शक्यता मात्र गांभीर्याने घ्यावी. ट्युलिपच्या पाकळ्यांवरील ज्या पट्ट्यांचे एके काळी मोठे कौतुक होते, ते संसर्गातून येतात हे ब्रिटिश कवकशास्त्रज्ञ डोरोथी केली यांनी 1928 मध्ये दाखवून दिले. तो विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. आपल्या रोपात रंग तुटक, पिसाऱ्यासारखा फाटलेला दिसत असेल आणि त्याच वेळी नवे कलश, म्हणजे कीटक पकडणारी घटासारखी पाने, वेडेवाकडे, ठिपकेदार किंवा खुरटे येत असतील, तर कुंडी ताबडतोब वेगळी ठेवावी, मावा आटोक्यात आणावा आणि त्या रोपाला लावलेले कात्रीचे वा सुरीचे पाते निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या रोपाला लावू नये. संसर्ग झालेल्या रोपावर फवारणीचा इलाज नाही. असे रोप कितीही देखणे असले तरी त्याचे तुकडे कोणालाही देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कलश निरोगी असतील आणि पट्ट्याची कड रेखल्यासारखी स्वच्छ असेल, तर नजर पाकळीवरून खाली न्यावी. तीच रेघ निदलावर, तेथून फुलदांड्यावर आणि त्याच कोंबाच्या एखाद्या कलशाच्या एका बाजूवर उतरलेली दिसली, तर वाढीच्या टोकातच दोन प्रकारच्या पेशी शेजारी नांदत आहेत, म्हणजे हा कायमेरा आहे, असे मानण्यास चांगला आधार मिळतो. याउलट लहानमोठ्या अनेक रेघा पाकळ्यांवर विखुरलेल्या असतील, तर एखादे स्थलांतर करणारे जनुक रंगद्रव्याच्या जनुकात शिरून किंवा तेथून निघून रंग बंद-चालू करत असण्याची शक्यता असते. अमेरिकन अनुवंशशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरील ठिपक्यांवरून अशी जनुके शोधली आणि त्यासाठी त्यांना 1983 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा बदल पाकळी वाढत असताना लवकर घडला तर पट्टा रुंद येतो, उशिरा घडला तर बारीक रेघ उमटते; म्हणून रेघांची रुंदीही टिपून ठेवावी.

रेघ असलेले फूल ज्या कोंबातून आले, त्या कोंबाशी खुणेची पट्टी रोवावी, कारण पाकळ्या गळल्यावर तो ओळखणे अवघड जाते. पुढच्या वसंतात त्याच कोंबाचे फूल पुन्हा पट्टेदार आले, तरच विभाजनाचा विचार करावा. विभाजन सुप्तावस्था संपत आलेली असताना, नवी वाढ सुरू होण्याआधी करावे आणि आडव्या खोडाचा तुकडा घेताना खूण केलेले वाढीचे टोक त्यात शाबूत राहील याची काळजी घ्यावी. बियांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. कायमेरातील बदल केवळ बाहेरच्या पेशीथरात असेल, तर तो बियांतून सहसा उतरत नाही, कारण पराग आणि बीजांडे बहुधा त्याखालच्या थरापासून घडतात. तरीही बी धरायचे असेल, तर छत्रीत सांडलेले पराग कुंचल्याने उचलून छत्रीच्या पाच टोकांपाशी असलेल्या कुक्षींना, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागांना, लावावेत. बियांना चार ते सहा आठवडे ओलसर थंडी द्यावी लागते आणि रोप फुलायला बहुधा तीन ते पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो.