डोंगर बघून वली ठरवू नका: वली आणि प्रस्तरभंग ओळखताना या चुका टाळा

वली म्हणजे दाबाने वाकलेले खडकाचे थर, आणि प्रस्तरभंग म्हणजे खडक तुटून सरकलेली जागा. अकरावीच्या भूगोलापासून स्पर्धा परीक्षांपर्यंत दोन्हींच्या आकृत्या सगळे बिनचूक काढतात. गडबड होते ती खऱ्या कातळासमोर. पुस्तकातल्या आकृतीत झीज नसते, माती नसते, करवंदाच्या जाळ्या नसतात. मग माणूस दगड सोडून जमिनीचा उंचसखलपणा वाचायला लागतो आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

उंच दिसलं की अपनती

अपनती म्हणजे डोंगर आणि अभिनती म्हणजे दरी, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. थर मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना बाहेर कलत असतील तर अपनती, मधल्या रेषेकडे कलत असतील तर अभिनती. वर डोंगर आहे की भातखाचर, याचा संबंध नाही. कमानीच्या माथ्यावर खडक ताणला जातो, भेगा पडतात, पाणी शिरतं आणि झीज तिथेच आधी होते. अभिनतीचा गाभा दाबलेला असल्यामुळे पुष्कळदा टिकून राहतो. वेल्समधलं स्नोडन शिखर अभिनतीवर उभं आहे. इराणच्या झाग्रोसमध्ये मात्र अपनती अजूनही लांबलचक डोंगररांगांच्या रूपात दिसतात, कारण त्या वली वयाने तरुण आहेत.

झीज होऊन सगळं सपाट झालं असेल तर थरांचं वय बघा. अपनतीत मधोमध सर्वांत जुना थर उघडा पडतो, अभिनतीत सर्वांत नवा. अर्थात, थर उलटे झालेले नसतील तरच.

फट दिसली की प्रस्तरभंग

महाराष्ट्रात ही चूक सर्रास होते, कारण आपला बेसॉल्ट भेगांनी भरलेला आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब असेच तयार झाले. तिथे काहीही सरकलेलं नाही. प्रस्तरभंग म्हणायचं तर भेगेच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकलेल्या हव्यात, आणि ते सरकणं दाखवता आलं पाहिजे.

घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीत हे तपासता येतं. दोन लाव्हाथरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी विटकरी रंगाचा, नखाने खरवडला जाईल असा पट्टा असतो. भूशास्त्रातले लोक त्याला रेड बोल म्हणतात. हा पट्टा भेगेच्या दोन्ही बाजूंना एकाच पातळीत असेल तर ती बहुतेक साधी भेग. तो तुटून पलीकडे वर किंवा खाली सापडला, तर प्रस्तरभंगाचा संशय घ्या. पण पट्टा आपोआपही विरत जातो. म्हणून पलीकडचा तुकडा सापडल्याशिवाय वहीत काही लिहू नका.

इथे एक मेख आहे. थर आडवे असतील आणि सरकणंही आडवंच झालं असेल, तर पट्टा जागेवरच दिसतो आणि प्रस्तरभंग तुमच्या डोळ्यांदेखत निसटतो. अशा वेळी भेगेच्या पृष्ठभागावरून हात फिरवा. घासून चकचकीत झालेल्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे असतात आणि ते सरकण्याची दिशा सांगतात. सांगतात तीही फक्त शेवटच्या हालचालीची.

खाली कोणती बाजू दिसते यावरून प्रकार ठरवणं

'उजवी बाजू खाली आहे, म्हणून सामान्य प्रस्तरभंग' असं उत्तर मी तपासताना सरळ कापतो. भंगाची पातळी, म्हणजे ज्या पृष्ठभागावर खडक सरकतो ती, बहुधा तिरकी असते. तिच्यावर रेललेला खडकाचा गट कोणता, हे आधी ठरवा. तो खाली घसरला असेल तर सामान्य, म्हणजे ताण. वर चढला असेल तर उलटा, म्हणजे दाब. पातळीचा कल कळला नसेल तर प्रकार सांगताच येत नाही. आज उंच दिसणारी बाजू मऊ खडकाची असेल तर उद्या झिजून तीच सखल होते.

आपल्याकडची दोन मोठी उदाहरणं तर सामान्य प्रकारातली नाहीतच. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपात गट मुख्यतः आडवे सरकले. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत दाबाने एक गट दुसऱ्यावर चढला.

तोच थर तीनदा मोजणं

नागपूर-भंडाऱ्याच्या मॅंगनीज पट्ट्यात, मनसर किंवा डोंगरी बुजुर्गकडे गेलात तर हे लक्षात असू द्या. तिथल्या सौसर नावाच्या खडकसमूहाला घट्ट घड्या पडलेल्या आहेत. घडी घातलेली पोळी सुरीने कापली तर पदर अनेक दिसतात, पोळी एकच असते. दोन समांतर पट्टे दिसले की लगेच दोन थर लिहू नका. पट्टा त्याच्या लांबीच्या दिशेने चालत जाऊन बघा, पुढे वळून दुसऱ्याला मिळतो का ते.

वली किंवा प्रस्तरभंग, दोन्हींतलं एकच

दोन्ही एकत्र नांदतात. डेहराडूनजवळची मोहंडची अपनती शिवालिकच्या पायथ्याच्या उलट्या प्रस्तरभंगावरच वाकलेली आहे. कुठे वाकेल आणि कुठे तुटेल हे खोली, उष्णता, खडकाचा प्रकार आणि दाब किती सावकाश येतो यावर ठरतं.

जाता जाता, सह्याद्री वली पर्वत नाही. त्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या पश्चिमेला मुंबईकडे मात्र ते समुद्राच्या दिशेने स्पष्ट कलतात.

रस्त्याच्या भिंतीवर विश्वास ठेवणं

रस्ता थरांच्या सोयीने कापलेला नसतो. 30 अंश कललेला थर नतिलंबाला, म्हणजे कलाच्या दिशेला काटकोनात असलेल्या आडव्या रेषेला, समांतर कापलेल्या भिंतीत चक्क आडवा दिसतो, आणि 45 अंशांनी तिरक्या कापलेल्या भिंतीत सुमारे 22 अंशच. वळणावर दुसरी भिंत शोधा किंवा थराचा उघडा पृष्ठभाग मिळवा. नती, म्हणजे थराचा कल, त्यावरच मोजा. होकायंत्र बेसॉल्टला चिकटवून वाचू नका, त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे सुई फसू शकते. फोनचं होकायंत्र वापरत असाल तर जीपच्या बॉनेटपासूनही लांब उभे राहा. आणि मोजण्याआधी तो दगड जागचाच आहे ना, की दरडीतून खाली आलेला धोंडा आहे, एवढं मात्र बघून घ्या.