कोकणातून थीम पार्कला जाताना: आजीपासून धाकटीपर्यंत सगळ्यांचा दिवस चांगला जावा म्हणून

आमच्या चिपळूणच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. कुठल्याही पार्कला जायचं ठरलं की आदल्या आठवड्यात मी मुलांना चौकटीला टेकवून उभं करते, डोक्यावर वही आडवी धरते आणि टेपने मोजते. ही सवय लागली ती धाकटीमुळे. काही वर्षांपूर्वी एका पार्कात ती पाऊण तास रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा तिथल्या मुलाने तिला पट्टीजवळ उभं केलं आणि मान हलवली. दोन बोटं कमी. ती रडली नाही. माझा हात धरून खाली बघत चालत राहिली आणि पुढचे दोन तास कशातच बसायला तयार झाली नाही. पट्टी मला घरीच लावता आली असती.

म्हणून हा लेख घरापासून सुरू करते. कोकणातून निघालेल्या कुटुंबासाठी लिहिते आहे, आणि डोळ्यांसमोर खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका आहे, कारण आपल्याला तेच जवळचं. इतर पार्कांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

उंची मोजा, रात्री मोजा

मोठ्या राइडवर उंचीची अट असते ती जीवासाठी. मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरून येणारा पट्टा ठरावीक बांध्याच्या शरीराला धरून बनवलेला असतो. लहान मूल त्याच्याखालून सरकू शकतं. म्हणून जाड सोलचे बूट घालून मुलाला उंच करू नका आणि दारावरच्या कर्मचाऱ्याशी वाद घालू नका.

मोजताना अनवाणी मोजा आणि शक्यतो रात्री मोजा. सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा साधारण सेंटीमीटरभर उंच असतो. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात. रात्रीची उंची धरली की पार्कात संध्याकाळी निराशा होत नाही. मग पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची अट बघून मुलासमोरच यादी करा: यात तू बसशील, यात पुढच्या वर्षी. घरी ऐकलेला नकार मूल रात्रीत विसरतं. रांगेच्या टोकाला ऐकलेला विसरत नाही. बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीटही वयाऐवजी उंचीवर ठरतं, तेव्हा ही मोजणी पैशांच्या हिशेबालाही उपयोगी पडते.

दुसरी चाचणी घाटाची. कुंभार्ली किंवा कशेडी घाटात गाडीत कोणाला मळमळतं ते आठवा. कानातला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरंच, त्यातून ती मळमळ होते, आणि गरगर फिरणाऱ्या राइडवर तेच होतं. आमचा मोठा मुलगा उंचावरून पडणाऱ्या राइडला हसत बसतो, पण कपबशीसारख्या फिरणाऱ्या राइडवरून उतरला की पांढराफटक होतो. अशा मुलाला फिरत्या राइडपासून लांबच ठेवा. रक्तदाब, हृदयाचा त्रास, पाठीचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर जोराच्या राइड वर्ज्य. तिथल्या फलकांवर हे लिहिलेलं असतं, ते वाचा.

कधी जायचं

आंब्याची बाग असलेल्या घराला एप्रिल-मे मोकळा नसतो. भाताची शेती असलेल्यांचा दसऱ्याच्या आसपासचा काळ कापणीत जातो. मासेमारीवरच्या घरांना १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत सवड मिळते, पण तेव्हा पार्क आहे त्या खालापूर तालुक्यात धो धो पाऊस असतो. वीज चमकली किंवा वारा वाढला की उघड्यावरच्या उंच राइड थांबवतात. पावसात जाणार असाल तर छताखालच्या राइड आणि शोवरच समाधान मानायची तयारी ठेवा. गर्दी मात्र कमी मिळते.

माझं मत विचाराल तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध, दिवाळीची सुट्टी उलटल्यावर, मंगळवार ते गुरुवार. ऊन सोसवतं आणि पार्क श्वास घेण्याइतकं मोकळं असतं. डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारी गेलात तर शाळांच्या सहलींच्या बसगाड्या भेटतील. शे-दोनशे मुलांची एक शाळा तुमच्या आधी रांगेत शिरली की त्या राइडवर तास गेला समजा. मे महिन्यात जायचंच असेल तर चाकरमान्यांच्या उलट दिशेने तुमचा प्रवास असतो, ही सोय आहे. फक्त रविवारी संध्याकाळी मुंबईकडे निघू नका. तेव्हा सगळे परतत असतात.

आदल्या रात्री पालीत मुक्काम

सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच. पहाटे तीनला निघून दहाला पार्कात आणि रात्री परत घरी, असं करू नका. चिपळूणहून चार-पाच तास, रत्नागिरीहून त्याहून बरेच जास्त. मुलं पोचतात तीच झोपेत, आणि परतीच्या रात्री गाडी चालवणाऱ्याचे डोळे मिटत असतात. महामार्गावरचे अपघात अशा रात्रींचेच असतात.

आपल्याला पनवेलपर्यंत जायची गरजही नाही. मुंबई-गोवा महामार्गावर कोलाडच्या पुढे वाकण फाटा लागतो. तिथून उजवीकडे वळलं की पाली, आणि पालीहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच पार्क. पालीला बल्लाळेश्वर. भक्तनिवास आणि साध्या लॉज आहेत. दुपारी जेवून घरून निघा, संध्याकाळी दर्शन घ्या, लवकर झोपा. सासूबाई आधी म्हणत होत्या, "मी येऊन काय करू गो तिकडे? तुम्ही जा." पालीचं नाव काढलं आणि त्यांनी स्वतःची पिशवी भरली. खोपोलीच्या बाजूला महडचा वरदविनायकही आहे, म्हणजे एका फेरीत अष्टविनायकांपैकी दोन होतात.

गाडी नसेल तर रेल्वेने पनवेल, तिथून एसटीने खोपोली आणि पुढे रिक्षा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं; सुट्टीत त्याच दिवशी सकाळी बसून काढावं लागतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. आधारकार्ड पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

पिशवीत काय

पार्काचं तिकीट तारखेचं असतं, आधी ऑनलाइन काढा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आत रेंज असेलच असं नाही.

बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं बहुधा चालतात. म्हणून पोटभर न्याहारी आत जाण्याआधी. मी घरून घावणे आणि सुकी चटणी नेते. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते चांगले लागतात. गाडीतच खायचे. जोराच्या राइड आधी करणार असाल तर न्याहारी आणि राइड यांत तासभर जाऊ द्या. आगळाची छोटी बाटली आणि साखर गाडीत ठेवा. दिवसभर घाम गेल्यावर संध्याकाळी आगळाचं सरबत कुठल्याही थंड बाटलीपेक्षा जास्त तरतरी देतं. ओआरएसची पाकिटंही बरोबर असू द्या.

पायात सवयीचे बूट किंवा मागून पट्टा असलेले सँडल. नवी चप्पल नकोच. तिथे आठ-दहा हजार पावलं सहज होतात. वाटेल तेव्हा सुटणारी स्लिपर राइडवर काढून ठेवावी लागते, आणि मग तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालायचं.

आत गेल्यावर

फाटकातून आत येणारी गर्दी पहिल्या दिसलेल्या राइडला चिकटते. तुम्ही सरळ चालत राहा. सगळ्यात लांबच्या आणि सगळ्यात मागणी असलेल्या राइडपासून सुरुवात करा. मोठ्यांना नायट्रोसारखा रोलर कोस्टर करायचा असेल तर तो पहिल्या तासात. दुपारी तिथेच रांग वळसे घेते. जेवण साडेअकराला किंवा अडीचला घ्या. एक ते दोनच्या दरम्यान सगळं पार्क जेवायला बसतं, तेव्हा तुम्ही रांगांत असा.

कुटुंबाने दिवसभर एकत्रच हिंडायचं, हा हट्ट सोडा. आम्ही तीन तुकड्या करतो. मोठा मुलगा आणि त्याचा काका जोराच्या राइडवर. मी आणि धाकटी लहान मुलांच्या भागात. सासूबाई आणि सासरे छताखालच्या शोकडे. भेटायच्या वेळा ठरलेल्या: साडेअकरा, अडीच, पाच. जागा एकच, सावलीची, लांबून दिसेल अशी.

सगळ्यांनी मिळून करायच्या दोन-तीन गोष्टी मात्र राखून ठेवा. होडीतून जाणारी राजासॉरसची राइड आमच्याकडे सगळ्यांची आवडती. धाकटीला मी आधीच सांगून ठेवलं होतं की हा डायनासोर खरा होता, आपल्या देशातला. त्याची हाडं गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, राजासॉरस नर्मदेन्सिस, नर्मदेवरून. रांगेत उभी असताना ती पुढच्या अनोळखी काकूंना हे सगळं सांगत होती. रांगेतला वेळ असा गेला पाहिजे.

आजी-आजोबांचा दिवस आधी आखा, उरलेल्या वेळात कोंबू नका. त्यांना राइडपेक्षा बसायची जागा, जवळचं स्वच्छतागृह आणि वेळेवर चहा लागतो. पोचताक्षणी नकाशावर या तीन जागा शोधून त्यांना दाखवा. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअरची चौकशी फाटकाजवळच करा. लाज बाळगू नका. माझ्या सासूबाई पहिल्यांदा नाही म्हणाल्या, दुपारी स्वतःहून बसल्या आणि संध्याकाळची परेड त्यांनी सगळ्यात पुढून पाहिली.

रांग टाळायचं महागडं तिकीट साध्या दिवशी घेऊ नका. दिवाळीच्या आठवड्यातच जावं लागलं तर विचार करा.

मूल हरवू नये म्हणून

सकाळी फाटकाशी प्रत्येक मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांत पूर्ण फोटो काढा. शोधताना घाबरलेल्या आईला शर्टचा रंगही आठवत नाही. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा. वॉटर पार्कात तो पुसला जातो, तिथे पुन्हा लिहा. आणि घरी तीन-चार वेळा म्हणून घ्या: "मी दिसले नाही तर काय करायचं?" उत्तर असं हवं: "जिथे आहे तिथेच उभी राहीन. गणवेशातल्या ताईला किंवा दादाला हात दाखवीन." शोधायला धावणारं मूल आणि शोधायला धावणारी आई एकमेकांना चुकवतात. जत्रेतही हेच शिकवा.

वॉटर पार्क

लहान मुलं बरोबर असतील तर थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवशी नको. दोन्हीचं तिकीट एकत्र स्वस्त पडतं, पण संध्याकाळी ओल्या, भुकेल्या, थकलेल्या मुलांना उचलून गाडीपर्यंत आणावं लागतं.

बहुतेक वॉटर पार्कांत सुती कपडे, साडी, ओढणी, जीन्स घालून पाण्यात उतरू देत नाहीत. सुताचे धागे गाळणीत अडकतात, आणि भिजलेलं जड कापड घसरगुंडीवर अडकून इजा होते. नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख आपल्याकडच्या बाजारात मिळतो. बायकांनी तो घरूनच न्यावा. भाड्याचा मापाचा मिळेलच असं नाही.

एक गोष्ट आपल्या मुलांसाठी मुद्दाम सांगते. पऱ्यात आणि नदीच्या डोहात पोहलेली कोकणातली मुलं लाटांच्या तलावाला काही समजत नाहीत. पण तिथे भोंगा वाजला की लाट येते आणि शंभर माणसं एकमेकांवर आदळतात. पोहता येणं तिथे फारसं कामाला येत नाही, धक्क्यांत उभं राहावं लागतं. दहा वर्षांखालचं मूल कमरेइतक्याच पाण्यात, आणि तुमच्या हाताच्या अंतरावर. जीवरक्षक असतो म्हणून मोबाइल बघत काठावर बसू नका.

परतताना

पार्क बंद होण्याच्या अर्धा तास आधी निघा, म्हणजे पार्किंगमधून बाहेर पडायला वेळ लागत नाही. गाडी कुठे लावली त्या खांबाचा फोटो सकाळीच काढलेला असू द्या. ओले कपडे वेगळ्या पिशवीत, आणि मुलांना साध्या पाण्याने अंघोळ. क्लोरीनचं पाणी अंगावर सुकलं की रात्री खाज सुटते.

त्या रात्रीही पालीतच राहा. सकाळी पालीपासून जवळच उन्हेरे इथे गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे जा. आदल्या दिवशी दिवसभर चाललेले पाय पाण्यात सोडून सासूबाई अर्धा तास बसल्या होत्या, शेजारी धाकटी. मग न्याहारी करून नऊच्या सुमारास निघा. वाकण फाट्यावरून डावीकडे वळलात की दुपारच्या जेवणाला चिपळूण.