चर्चची टीम मलावीला न्यायची आहे? मग आधी हे वाचून घ्या

आपल्याकडच्या मंडळ्यांमध्ये आता तरुण संघाची पोरं, एखादी नर्स, दोन शिक्षक आणि पाळकसाहेब असे मिळून दोन-तीन आठवडे आफ्रिकेला सेवेसाठी जायचा विषय निघतो, आणि इंग्रजी चालतं, लोक प्रेमळ आहेत, खर्चही बाकी देशांच्या मानाने आटोक्यात म्हणून बऱ्याचदा नाव येतं मलावीचं. मी या टीमची तयारी करून देते, त्यामुळे तेच तेच प्रश्न फोनवर येतात, म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

तिकीट बघायच्या आधी तिकडच्या मंडळीला पत्र टाका. प्रस्ताव पाठवू नका, प्रश्न पाठवा. "आम्ही तुमच्या शाळेला रंग देऊ" असं लिहिलंत तर ते हो म्हणणार, कारण पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत तिकडेही नाही, आणि मग होतं काय की रंगारी गावातच रिकामा बसलेला असतो आणि आपले इंजिनिअर विमानाचं भाडं भरून भिंती रंगवतात. त्यापेक्षा "येत्या वर्षात तुमचं कोणतं काम अडलंय आणि त्यात आमच्यातलं कोण उपयोगी पडेल" असं विचारा, सोबत टीममधल्या लोकांची कामं लिहा. उत्तर कधीकधी अगदी साधं येतं, संडे स्कूलच्या शिक्षकांचं ट्रेनिंग, शिलाईची मशीनं दुरुस्त करणारा माणूस, हिशोबाची वही कशी ठेवायची ते शिकवणारं कोणी. ते साधं उत्तरच धरून ठेवा. आणि उत्तर "या वर्षी नको" असं आलं तर नका जाऊ.

कोणाला लिहायचं? सीसीएपी म्हणजे चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन ही तिकडची मोठी मंडळी, मलावीत तिच्या तीन सिनॉड म्हणजे विभागीय कारभार मंडळं, उत्तरेला लिव्हिंगस्टोनिया, मध्ये न्खोमा, दक्षिणेला ब्लांटायर. गावातल्या एखाद्या ओळखीच्या पाळकाशी परस्पर ठरवू नका, सिनॉडच्या ऑफिसमधून जा, म्हणजे पैशाचा आणि जबाबदारीचा घोळ होत नाही.

थोडा इतिहास टीमला आधीच सांगा, कारण आपला तिकडे संबंध जुना आहे आणि बहुतेकांना तो माहीतच नसतो. नाशिकच्या शरणपूरला गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी मिशनची शाळा होती, तिथली काही मुलं १८६६ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाबरोबर आफ्रिकेत गेली. चुमा नावाचा मुलगा १८६१ मध्ये शिरे नदीच्या वरच्या डोंगराळ भागात म्हणजे आजच्या दक्षिण मलावीत गुलामांच्या तांड्यातून सुटला, पुढे मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे राहिला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत चुमा होता, आणि दफनविधीचं वाचन केलं जेकब वेनराईटने, तो याच नाशिकच्या शाळेतला. हे सांगितलं की "आपण पहिल्यांदा सुवार्ता घेऊन चाललोय" हा आव आपोआप उतरतो. तिकडे मिशनचं काम १८७५-७६ पासून चालू आहे हो! शिवाय जॉन चिलेंब्वे यांच्याबद्दल वाचा, ते पाळक होते, १९१५ मध्ये इंग्रज मळेवाल्यांविरुद्ध उठले आणि मारले गेले, १५ जानेवारीला त्यांच्या नावाने देशभर सुट्टी असते. पुण्या-मुंबईहून गेलेल्याने त्यांचं नाव घेतलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो, आणि मग खऱ्या गप्पा होतात.

कधी जायचं: मे अखेर ते ऑगस्ट. पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, त्यात कच्चे रस्ते जातात, आणि मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने ब्लांटायरच्या आसपास काय केलं ते आठवा. पण खरं कारण वेगळंच आहे, जानेवारी-फेब्रुवारीत घराघरातला मका संपत आलेला असतो आणि नवा अजून शेतात उभा असतो, त्या दिवसांत दहा पाहुणे गावात उतरले तर ते स्वतः उपाशी राहून तुम्हाला कोंबडी कापतील. एप्रिल-मे मध्ये मका घरात आला की मग जा. आणि स्वेटर घ्या! आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून लोक टी-शर्ट भरतात, ब्लांटायर हजारेक मीटर उंचीवर आहे, जून-जुलैत तिकडे हिवाळा, कधी दिवस दिवस धुकं आणि बारीक पाऊस, त्याला ते चिपेरोनी म्हणतात.

कागदपत्रं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारा हवा, कोरी पानं हवीत, व्हिसाचे नियम बदलत असतात म्हणून सरकारी ई-व्हिसाच्या साईटवरच बघा, एजंटच्या व्हॉट्सअॅपवर नाही. मुंबईहून बरेच जण अदिस अबाबामार्गे जातात, आणि इथिओपिया, केनिया हे यलो फिव्हरवाले (डासांतून पसरणाऱ्या पिवळ्या तापाचे) देश, त्यामुळे लस घेऊन त्याच्या दाखल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा, येताना आपल्याच एअरपोर्टवर विचारतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, नंबर लावावा लागतो आणि घेतल्यापासून १० दिवसांनी ती लागू होते, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. टीममध्ये डॉक्टर-नर्स असतील तर नुसतं "मेडिकल कॅम्प घेऊ" म्हणून चालत नाही, डॉक्टरांना तिकडच्या मेडिकल कौन्सिलची आणि नर्सना नर्सेस अँड मिडवाइव्ह्ज कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते आणि बॅगेत भरून नेलेल्या औषधांनाही परवानगी लागते. हे महिनोन्‌महिने आधी सुरू करा, नाहीतर सरळ मुलांजे किंवा न्खोमाच्या मिशन हॉस्पिटलला विचारा की तुमच्या हाताखाली आम्ही काय करू शकतो.

मलेरियाची गोळी. यावर मी अजिबात ऐकून घेत नाही. "आम्हाला इथे पण मच्छर चावतात" हे उत्तर नको, तिकडचा मलेरिया बहुतेक फॅल्सिपॅरम जातीचा, तो दोन दिवसांत माणूस आडवा करतो. कोणती गोळी ते डॉक्टर ठरवतील, पण परत आल्यावरही काही दिवस चालू ठेवायची असते आणि तिथेच सगळे सोडून देतात. डॉक्सीसायक्लिन असेल तर परतल्यावर चार आठवडे. लेक मलावी दिसायला समुद्रासारखा सुंदर, पोरं उड्या मारायला बघणार, पण त्या पाण्यात बिल्हार्झिया आहे, म्हणजे कातडीतून शरीरात शिरणाऱ्या जंतांचा रोग, काठावर बसून मासे खा, चांबो नावाचा मासा फार छान लागतो.

पैशाचं आधीच साफ करा. मंडळीच्या ट्रस्टमधून परदेशात खर्च करायचा तर इन्कम टॅक्सचे नियम आडवे येतात, सीएला विचारल्याशिवाय एक रुपया हलवू नका, सोपं म्हणजे प्रत्येकाने आपला खर्च आपण करावा. तिकडे क्वाचा चालतो, गावात रोखच लागते. सिम एअरटेलचं मिळतं (हो, आपलंच एअरटेल), पासपोर्ट दाखवून रजिस्टर करा. प्लग इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा, अॅडॅप्टर घ्या, पॉवर बँक घ्या, लाईट जाते आणि जाते म्हणजे जातेच. आणि रस्त्यात कोणी हात पसरला की पाकीट उघडायचं नाही, काय द्यायचं ते सिनॉडच्या हातात, पावती घेऊन. जुने कपडे भरून नेऊ नका, तिकडच्या बाजारात जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग असतात आणि विकणाऱ्यांचं पोट त्यावर चालतं.

गावात गेल्यावर आधी गावप्रमुखाला भेटायचं, मग चर्चला. बायकांनी चितेंजे म्हणजे ते रंगीत कापड कमरेला गुंडाळायचं, पहिल्याच दिवशी बाजारातून घ्या, जीन्सवरून गुंडाळलं तरी चालतं. भेटल्यावर "मुली ब्वांजी", उत्तर "न्दिली ब्वीनो", आभाराला "झिकोमो", आणि घाईघाईने कामाचं बोलायचं नाही, आधी तब्येत, घर, प्रवास सगळं विचारून होऊ द्या. जेवणात न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची आपल्या उकडीसारखी पण घट्ट, हाताने गोळा करून भाजीत बुडवायची, आपल्या लोकांना ते लगेच जमतं, गोऱ्या टीमपेक्षा आपण इथे पुढे. जेवायच्या आधी कोणीतरी हातावर पाणी घालायला येतं, नको म्हणू नका. तिखटाशिवाय चालत नसेल तर ब्लांटायरजवळ लिंबेत गुजराती दुकानं आहेत, मसाला, डाळ सगळं मिळतं, पण ज्यांच्या घरी राहताय त्यांच्या ताटात चटणीची बाटली ओतू नका प्लीज.

उपासना तीन तास चालू शकते, एकामागून एक कॉयर येतात, अर्पण नाचत नेतात. तुम्हाला संदेश द्यायला सांगतील तर लहान लहान वाक्यं, कारण चिचेवात भाषांतर होणार, आणि विनोद टाळा. त्यापेक्षा टाळ आणि ढोलकी न्या, मराठी भजन म्हणा, अर्धं चर्च दुसऱ्या कडव्याला टाळ्या धरतं.

लहान मुलांचे फोटो, त्यातही अनाथाश्रमातल्या मुलांचे, आईवडिलांना किंवा जबाबदार माणसाला विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि स्टेटसला तर अजिबात नाही, हा नियम निघायच्या आधी सगळ्यांकडून सही घेऊन. दोन आठवडे मुलांना कडेवर घेऊन फिरायचं आणि मग गायब व्हायचं, याने त्या मुलांचं भलं होत नाही. मुलांऐवजी त्यांच्या शिक्षकांबरोबर बसा.

परत आल्यावर आपल्या मंडळीत साक्ष, स्लाईड शो, चहा-वडे हे सगळं होतंच. तसाच रिपोर्ट इंग्रजीत सिनॉडलाही पाठवा, पैसे कुठे गेले त्यासकट, आणि "आमचं काय चुकलं" हे त्यांना लिहून विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, दोनदा आठवण करा. आणि घरी कोणालाही पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा, मी मलावीला जाऊन आलोय.