रिव्हेट टूल घेताना डबा नको, पिन बघा

रिव्हेट टूल म्हणजे चेनचं लॉक, म्हणजे तिची दोन टोकं जोडणारी लिंक, पिनचं तोंड पसरवून पक्कं करायचं हत्यार. ते शोधायला निघण्याआधी गाडीची चेन डिझेलने नव्हे, केरोसीनने पुसा आणि तिचं लॉक बघा. १००-१२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ मापाची चेन आणि क्लिपचं लॉक असतं. ते पक्कडीने निघतं आणि पक्कडीनेच बसतं. क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवलं की काम झालं. अशा गाडीसाठी रिव्हेट टूलवर पैसे घालू नका. मोठ्या ताकदीच्या गाड्यांच्या ओ-रिंग, एक्स-रिंग (आतलं ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगांच्या) चेनला मात्र बहुधा रिव्हेटचं लॉक येतं आणि तिथे हे टूल लागतंच. हातोडी आणि पंच मारून रिव्हेट ठोकणारे आजही आहेत, पण त्यात प्लेट तिरकी बसते, रिंग चेपते आणि पिनचं तोंड एका बाजूलाच पसरतं.

टूलला कामं तीन: जुनी पिन बाहेर ढकलणं, नव्या लॉकची साइड प्लेट दाबून बसवणं, आणि पिनचं तोंड पसरवणं. स्वस्त संच बहुतेक वेळा पहिल्याच कामात मोडतो. म्हणून डब्यात किती तुकडे आहेत यापेक्षा ढकलपिन (जुनी पिन बाहेर ढकलणारी टूलची पिन) सुटी विकत मिळते का, हे आधी विचारा. मिळत नसेल तर पिन मोडली त्या दिवशी सगळा संच भंगारात.

दुकानात टूल हातात मिळालं तर मुख्य बोल्ट पूर्ण फिरवून पिन समोरच्या भोकाजवळ आणा. पिन भोकाच्या बरोबर मधोमध यायला हवी. केसभर सरकलेली दिसली तरी ते टूल ठेवून द्या, कारण जोर आला की पिन तिथूनच वाकते. मग बोल्ट मागे फिरवून त्याचं डोकं हलवून बघा. फार लटपटत असेल तर आटे कमी लांबीचे किंवा ढिले आहेत. बारीक आट्यांचा बोल्ट हळू सरकतो, पण तेवढ्याच जोरात जास्त दाब देतो आणि थांबायचं तिथे थांबता येतं.

मापही बघा. ५२०, ५२५, ५३० या तिन्हींत पिनांमधलं अंतर १५.८७५ मिमीच असतं, फरक रुंदीचा. ५२० ची आतली रुंदी ६.३५ मिमी, ५३० साधारण ९.५ मिमी. त्यात ओ-रिंगची जाडी मिळवली की लहान जबड्याच्या टूलमध्ये ५३० बसतच नाही. पसरवायचं टोकही लॉकच्या पिनला जुळायला हवं. पोकळ तोंडाच्या पिनला निमुळतं, गोलसर टोक लागतं. भरीव पिनवर ते चालत नाही. लॉक विकत घेतानाच पोकळ पिनचं मागा.

आता ढकलपिन का मोडते? जुन्या रिव्हेटचं पसरलेलं डोकं तसंच ठेवून ती रेटली जाते म्हणून. आधी अँगल ग्राइंडरने दोन्ही डोकी प्लेटला सपाट होईपर्यंत घासा. चष्मा लावा, टायर आणि रिमवर ओलं फडकं टाका. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून हाताच्या पान्यानेच फिरवा, इम्पॅक्ट गन नको. एकदम खूप जोर लागायला लागला तर थांबून पिन सरळ आहे का बघा.

नवं लॉक घालताना चारही रिंगांना सोबतचं ग्रीस चोपडा. मग प्लेट दाबा, पण व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) हातात ठेवून: शेजारच्या लिंकची बाहेरची रुंदी मोजा आणि नव्या लिंकची तेवढीच होईपर्यंत थोडं थोडं दाबा. जास्त दाबली तर तो सांधा अडकतो आणि मागे आणता येत नाही.

रिव्हेट करताना पाव पाव फेरा द्या आणि दर वेळी तोंड मोजा. डीआयडी कंपनीच्या ५२५ सारख्या चेनला पसरलेल्या तोंडाचा व्यास ५.५ ते ५.८ मिमी असावा लागतो. तुमच्या चेनचा आकडा लॉकच्या पाकिटावर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो आणि तोच धरा. कमी पसरलं तर प्लेट निघून चेन तुटू शकते. तुटलेली चेन क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) फोडते किंवा मागचं चाक जाम करते. जास्त पसरलं तर तोंडाला चीर जाते. टॉर्च मारून नखाने कडा चाचपा. केसाएवढी चीर दिसली तरी लॉक काढून नवंच घाला, जुनं पुन्हा वापरू नका. दोन्ही पिना झाल्यावर तो सांधा बोटांनी दुमडून बघा: शेजारच्या लिंकइतकाच मोकळा वाकला पाहिजे.