गोरूटीन, असिंक, व्हर्च्युअल थ्रेड: या चुका टाळा

गो ही प्रोग्रामिंग भाषा शिकून पायथनकडे वळलेले लोक हमखास एकच घोळ घालतात. फंक्शनला ‘असिंक’ (वाट बघताना इतर कामांना जागा देता येईल, अशी खूण) लावलं की काम आपोआप समांतर चालेल, असं त्यांना वाटतं.

एका टीमची सर्व्हिस मधूनच गोठायची. सीपीयू निवांत, लॉगमध्ये एकही एरर नाही, पण हेल्थ चेक फेल होऊन कंटेनर रीस्टार्ट. सगळे डेटाबेसच्या मागे लागले, कनेक्शन पूल वाढवला, मशीन वाढवल्या. शेवटी एसिंकआयओ या पायथनच्या असिंक लायब्ररीचा डीबग मोड चालू केला. इव्हेंट लूप (असिंक कामं एकाच थ्रेडवर पाळीपाळीने चालवणारा भाग) 100 मिलिसेकंदांहून जास्त अडवणारं काम तो लॉगमध्ये नोंदवतो. गुन्हेगार लगेच सापडला: असिंक फंक्शनच्या पोटात ‘रिक्वेस्ट्स’ या, उत्तर येईपर्यंत अडवून धरणाऱ्या वेब लायब्ररीचा साधा कॉल, तोही टाइमआउटशिवाय. समोरचा सर्व्हर रेंगाळला की पूर्ण लूप ठप्प!

गोमध्ये असं होत नाही, कारण अडलेलं गोरूटीन (गोमधलं हलकं, स्वतंत्रपणे चालणारं काम) बाजूला ठेवून रनटाइम दुसरं चालवतो. गो 1.14 पासून तर नुसतं फिरत राहणारं लूपही तो मध्येच थांबवतो. पायथनमध्ये तुम्ही ‘अवेट’वर थांबून जागा सोडली नाहीत, तर बाकीच्यांची पाळीच येत नाही. म्हणून डेव्हलपमेंटमध्ये डीबग मोड मी कायम चालू ठेवतो, आणि ज्या असिंक फंक्शनमध्ये एकही ‘अवेट’ नाही ते रिव्ह्यूमधून सरळ परत पाठवतो. ब्लॉक करणारी लायब्ररी टाळता येत नसेल तर एसिंकआयओचं ‘टू-थ्रेड’ वापरा, ते असा कॉल वेगळ्या थ्रेडवर चालवतं.

जावा 21 मधले व्हर्च्युअल थ्रेड (रनटाइमने सांभाळलेले हलके थ्रेड) पूलमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या मोजक्या थ्रेडच्या साठ्यात, कोंबू नका. प्रत्येक कामाला नवा थ्रेड, हाच तर त्यांचा मुद्दा. डेटाबेसवरचा भार आवरायचा असेल तर सेमाफोर (एका वेळी किती कामं आत जातील ते ठरवणारा) लावा. ‘सिंक्रोनाइज्ड’ ब्लॉकमध्ये (जिथे एका वेळी एकच थ्रेड आत जातो) अडलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेडही धरून बसायचा, ते दुखणं जेडीके 24 मध्ये गेलं. आवृत्ती न बघता बेंचमार्क टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

रस्टमध्ये फ्यूचरला (पुढे पूर्ण होणाऱ्या असिंक कामाला) ‘अवेट’ केलं नाही की ते चालतच नाही. कंपायलर तशी वॉर्निंग देतो, घाईवाले ती बंद करून मोकळे होतात.

कोटलिनमध्ये ‘ग्लोबलस्कोप’ (कुणाच्या मालकीची नसलेली मोकाट कामं सुरू करायची सोय)? नको.

गोवालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. टाइमआउट झाल्यावर घेणारा निघून जातो, बफर नसलेल्या चॅनेलवर (गोरूटीनमधल्या देवाणघेवाणीची नळी, जिथे घेणारा येईपर्यंत पाठवणारा थांबतो) पाठवणारं गोरूटीन कायमचं लटकतं, आणि गार्बेज कलेक्टर (न वापरलेली मेमरी मोकळी करणारा) ते उचलत नाही. गोरूटीनचा स्टॅक (त्याची कामापुरती मेमरी) 2 केबीपासून सुरू होतो, म्हणून गळती लवकर जाणवतही नाही. अशा ठिकाणी मी चॅनेलला एकाचा बफर देतो. लूप व्हेरिएबलचा जुना सापळा (लूपच्या सगळ्या फेऱ्यांना एकच व्हेरिएबल) गो 1.22 मध्ये गेला खरा, पण ‘गो डॉट मॉड’ या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये जुनी आवृत्ती लिहिली असेल तर नव्या कंपायलरवरही तो तसाच राहतो.