‘कुसमायोजन’ हा शब्द कसा समजून घ्यावा आणि कसा वापरावा

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आणि समुपदेशनविषयक लेखनात भेटणारा ‘कुसमायोजन’ हा शब्द समजून घ्यायचा, तर आधी तो फोडून पाहावा. ‘कु’ म्हणजे वाईट, सदोष. हा उपसर्ग ‘कुपोषण’ या शब्दामुळे परिचयाचा आहे. पुढे ‘सम्’ आणि ‘आ’ हे दोन उपसर्ग असून ‘योजन’ हे ‘जोडणे’ या अर्थाच्या ‘युज्’ या संस्कृत धातूपासून आले आहे. परिस्थितीशी नीट जुळवून घेता न येणे, असा ‘कुसमायोजन’चा अर्थ असून इंग्रजीतील ‘मॅलअ‍ॅडजस्टमेंट’ला पर्याय म्हणून हा शब्द वापरला जातो. विशेष म्हणजे त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘लगत, जवळ’ या अर्थाचा ‘युक्स्ता’ हा लॅटिन शब्द आहे आणि व्युत्पत्तिकार तो व ‘युज्’ एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूपर्यंत नेतात.

जोडणीला नेहमी दोन बाजू लागतात, हे लिहिताना विसरू नये. ‘मुलगा कुसमायोजित आहे’ या वाक्यात दुसरी बाजू गाळली जाते आणि सारा दोष मुलाच्या माथी बसतो. त्याऐवजी ‘नव्या वर्गातील गटकामाशी त्याला अजून जुळवून घेता आलेले नाही’ असे लिहावे. ब्रिटनमध्ये 1945च्या नियमांनी ‘कुसमायोजित’ हा विद्यार्थ्यांचा अधिकृत वर्गच ठरवला होता आणि 1981च्या शिक्षण कायद्याने अशा वर्गवाऱ्या मोडीत निघेपर्यंत मुलांना हा शिक्का बाळगावा लागला, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. दुसऱ्या बाजूचाही दोष असू शकतो, हे मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1967 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांसमोर ठामपणे मांडले: वांशिक भेदभावासारख्या काही गोष्टींशी माणसाने कधीच जुळवून घेऊ नये.

जवळचे शब्दही वेगळे ठेवावेत. ‘एकलकोंडा’ एकटाच राहतो, ‘माणूसघाण्या’ला माणसांचा तिटकारा असतो, पण दोघांचेही दैनंदिन व्यवहार सुरळीत चालू असतील, तर केवळ तेवढ्यावरून त्यांना कुसमायोजित म्हणू नये. ‘समायोजन विकार’ हे तर वैद्यकीय निदान आहे. विशिष्ट ताणाच्या प्रसंगानंतर उद्भवणारी लक्षणे तपासून ते तज्ज्ञच करतात. म्हणून सर्वसाधारण लेखनात कुणाच्या स्वभावाचे वर्णन करताना ही संज्ञा वापरू नये.